खाडीकाठची भट्टी

माझ्या सासूबाईंनी आमच्या भट्टीला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली. भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा म्हणाल्या, "गुरांना पाणी पाजायला हौद बांधताय का?" कमरेएवढी झाली तेव्हा म्हणाल्या, "विहीर खोदायचा कंटाळा आला म्हणून वर बांधताय वाटतं." छातीपर्यंत आली तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आत निघून गेल्या. त्या बोलल्या की मला राग यायचा आणि गप्प बसल्या की धडकी भरायची, त्यामुळे त्या घरात मला निवांत अशी वेळ नव्हतीच.

ही गोष्ट साठ सालानंतरची, तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं तेव्हाची. आम्ही कुंभार. माझं सासर वैतरणेच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे. तिकडे भट्टी बांधायची पद्धत नव्हती. मोकळ्या जागेत लाकूड, गोवऱ्या, पेंढा पसरायचा, त्यावर मडकी रचायची, पुन्हा पेंढा, वरून राखमातीचा लेप द्यायचा आणि खालून पेटवायचं. त्याला आवा म्हणतात. आमचा आवा सगळ्या भाऊबंदांत मिळून एक होता आणि तो कुणी कधी लावायचा याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. त्या पाळीवरून यांचं आणि थोरल्या दिरांचं वाजलं. 'हे' म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती आणि आता या वयात नव्याने सुरू करण्यात काही अर्थ नाही. नेमकं कशावरून बिनसलं ते मला विचारू नका, दोघा भावांनाही पुढे ते धड सांगता येत नसे. यांनी चाक बैलगाडीत घातलं आणि आम्ही निघालो. थोरले दीर ओट्यावर बसून होते. म्हणाले, "जा, जा. पावसाच्या आधी येशील परत. आवा कुठं पळून जात नाय." ते वाक्य यांच्या डोक्यात जे जाऊन बसलं ते निघेचना.

यांच्या मामांनी बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, खाडीच्या अंगाला, आपल्या परसातली जागा आम्हाला दिली. सासूबाई आमच्याबरोबर आल्या. प्रेमापोटी नव्हे. धाकट्याला अक्कल कमी आणि त्याच्या बायकोला नको तेवढी जास्त, तेव्हा दोघांवर नजर हवी, असं त्यांनी मामांना सांगितलेलं मी दाराआडून ऐकलं.

तिथे आम्ही आधी आवाच लावून पाहिला. पण डोंगराकडचा वारा वेगळा आणि दर्यावरचा वेगळा. दुपारी पश्चिमेकडून जो सुटला त्याने पेंढा उडवला, राखेचा लेप उडवला आणि ठिणग्या थेट मामांच्या शाकारलेल्या छपरावर नेल्या. मामा शिडी लावून घागरी ओतत होते आणि ओतता ओतता आम्हाला जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मडकी एका बाजूने कोळशासारखी झाली आणि दुसऱ्या बाजूने कच्चीच राहिली. म्हणजे आता भिंतीची भट्टी बांधणं आलं. यांनी वसईकडे कुठेतरी एकदा कौलांची भट्टी पाहिली होती. तीही लांबून. तेवढ्या भांडवलावर आम्ही कामाला लागलो.

मुरूम, माती, भाताचा तूस आणि शेण एकत्र तुडवून भिंत उचलली. ते तुडवायचं काम माझं. पाय इतके उलायचे की वहाणा पायांत घालवत नसत. आत खाली विस्तव आणि वर मडकी, म्हणून मधे भोकांची जमीन हवी होती. ती कशावर उभी करायची हे कळेना, तेव्हा त्या पहिल्या आव्यात वाया गेलेले जाड रांजण उलटे ठेवून त्यांचेच खांब केले. भट्टीचं तोंड कुठे ठेवायचं यावर मात्र मायलेकांचं जुंपलं. हे म्हणाले, पश्चिमेला, म्हणजे वारा आपोआप विस्तव फुलवील. सासूबाई म्हणाल्या, "वारा फुलवील नाय, पेटवील. तोंड पूर्वेला कर." यांनी पश्चिमेला केलं. रिकामी भट्टी पेटवून पाहिली तर ती अशी गर्जायला लागली की मामा पुन्हा शिडी घेऊन धावले. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. यांनी निमूटपणे ते तोंड लिंपून टाकलं आणि पूर्वेला नवं पाडलं. सासूबाईंनी त्या दिवशी फक्त एकदा जास्त चहा मागितला.

मातीचं असं झालं की आमची खाण राहिली गावाकडे. इथे मामांनी खाजणातली जागा दाखवली, खाडीचं पाणी अडवून भात लावतात ती. माती बघून यांचा चेहराच खुलला. काळी, लोण्यासारखी, बोटाला धरून राहणारी. तिच्यात पांढरे बारीक कण होते. शिंपल्यांचे मोठे तुकडे आम्ही वेचून काढले आणि बारीक राहिले ते राहू दिले, रेतीसारखी त्यांनी मातीला बळकटीच येईल म्हणून. डोंगराकडची माणसं आम्ही. मातीत खडा निघतो, मुळी निघते हे ठाऊक होतं, शिंपल्याशी आमची कधी गाठ पडली नव्हती.

त्या दिवसांत मी बोईसरच्या बाजारात गावाकडून आणलेली उरलीसुरली मडकी घेऊन बसायची. शेजारी दर्याकाठच्या दांडी गावची एक मच्छीवाली बसायची, सुके बोंबील आणि सुकट घेऊन. पहिल्या बाजारी मी नाकाला पदर लावला. तिने पाहिलं आणि आपली टोपली आणखी माझ्याकडे सरकवली. पुढच्या बाजारी मी पदर लावला नाही, तर तिने टोपली मागे घेतली आणि मला मूठभर सुकट दिली. अशी आमची मैत्री जमली. मग एकदा ती म्हणाली, "काय गो कुंभारणी, माझ्या पोरीचा लगीन हाय. मडकी तूच दे. आमचा जुना कुंभार म्हातारा झाला, त्याचा हात आता कापतो."

लग्नाची मडकी! मी तिथेच हो म्हणून बसले, यांना विचारलंसुद्धा नाही. दर्याकाठच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात देवाजवळ मडक्यांची उतरंड रचतात, आणि ती कुणी दिली हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. एका लग्नात आमची मडकी उभी राहिली असती तर सबंध किनाऱ्याने आम्हाला आपला कुंभार म्हटलं असतं. मग थोरल्या दिरांच्या ओट्यापुढे मान खाली घालून जायची वेळच आली नसती.

भट्टी लावली त्या दिवशी नारळ सासूबाईंनी फोडला. नावं ठेवायची ती ठेवली, पण पहिली काडी त्यांनीच लावली. ताडाच्या झावळ्या, सुरूची वाळलेली पानं, गोवऱ्या, जे मिळालं ते आम्ही दिवसभर घालत राहिलो. वर फुटक्या खापरांचा थर दिला. निवल्यावर यांनी एकेक मडकं बाहेर काढलं आणि बोटाने टिचकी मारून कानाशी धरलं. सगळी लालबुंद आणि खणखणीत. हे हसले. आम्ही गाव सोडल्यापासूनचं ते पहिलं हसू. त्याच दुपारी दांडीच्या बायका वाजतगाजत आल्या, चाकाला हळदकुंकू वाहिलं आणि मडकी टोपल्यांत घालून गाणी म्हणत घेऊन गेल्या. मला वाटलं, संपलं. आता सुखाने जेवू.

उरलेली मडकी घरात फळीवर होती. एक-दोन दिवस गेले असतील. दुपारी मी भाजी चिरत होते आणि फळीवरून आवाज आला, टप्प. मी वर पाहिलं. एका मडक्याच्या पोटावरून नखाएवढी खपली उडाली होती आणि खाली पांढरा ठिपका दिसत होता. मी ती खपली उचलते तोवर दुसरीकडे टप्प. संध्याकाळपर्यंत फळीवर अशी टपटप चालली होती की सासूबाई देवघरातून उठून आल्या.

आमच्या घरात मडकं फुटलं असं कुणी म्हणत नाही. बांगडी वाढली म्हणतात तसं मडकं वाढलं म्हणायचं. सासूबाई फळीकडे बघत म्हणाल्या, "वाढतायत." यांनी तो पांढरा ठिपका नखाने खरवडला आणि जिभेला लावला. पानाची सवय होती त्यांना.

"चुना," ते म्हणाले.

मग सगळंच लख्ख झालं. शिंपले भाजून चुना करतात हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत. आम्ही मडक्यांबरोबर शिंपल्यांचे कणही भाजले होते. भट्टीत त्यांचा कळीचा चुना झाला आणि आता दमट हवेतलं पाणी पिऊन तो एकेक कण फुगत होता, आणि फुगता फुगता मडकं फोडत होता. आणि तीच माती, तीच भट्टी, तीच मडकी दांडीला मांडवात उभी होती.

मांडवात मडकं वाढलं तर काय होतं ते कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. कुंभाराला लोक चार शिव्या देतात आणि विसरतात. मुलीला कुणी विसरत नाही. सासरी दूध नासलं तरी तिच्यामुळे, होडी रिकामी आली तरी तिच्यामुळे, दीर आजारी पडला तरी तिच्यामुळे. मी त्या मुलीला दोनदाच पाहिलं होतं. बाजारात आईची टोपली उचलायला यायची, हसली की तोंडावर हात धरायची.

हे अंगणात जाऊन भट्टीकडे बघत उभे राहिले. "मोडतो तिला," म्हणाले. "जाऊ दादाकडे. तो म्हणालाच होता."

"भट्टीनं काय केलंय?" मी म्हटलं. "माती आपण आणली. आणि आधी मी दांडीला जाते. जमलं तर मडकी परत आणते. बोईसरच्या बाजारातनं दुसरी घेऊन देऊ त्यांना, कुणाची का असेनात."

त्यांनी भट्टीच्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मडकी परत आणलीस तर मला काय सांगू नको. टोपलीत दिसतीलच. तोवर थांबतो."

सकाळी मी मोठी टोपली डोक्यावर घेऊन निघाले. रस्त्याने कामावर जाणाऱ्या माणसांचे ट्रक चालले होते. एक ट्रक हळू झाला आणि वरून कुणीतरी ओरडलं, "ओ बहनजी, मटका है क्या?" मी म्हटलं, "नाही है!" अशा आवाजात म्हटलं की ड्रायव्हरने गाडी जोरात हाकली. बिचाऱ्याला पाणीच हवं असणार. पण त्या दिवशी मडक्याचं नाव माझ्यापुढे कुणी काढायला नको होतं.

दांडीला पोहोचले तेव्हा लग्नघरी हळदीची गडबड होती. मी चपला काढल्या आणि सरळ मांडवाच्या कोपऱ्यात गेले. उतरंड उभी होती. चुन्याने आणि हळदीने रंगवलेली, गळ्यांत आंब्याची पानं बांधलेली. मी खाली वाकून एकेक मडकं बघायला लागले. पोटावर बारीक बारीक खळगे होते, पण त्यांत तांदळाच्या पिठाचा लेप भरून वर नक्षी काढलेली. खपली कुठेच नाही, आवाज नाही. वर मोजायला गेले तर दोन कमी.

नवरीची आई हातातली परात घेऊन आली. "अगो, तू? ये ये. अशी वाकून काय बघते? मडकी पलत नाय."

माझ्याने राहवेना. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. शिंपले, चुना, फळीवरची टपटप, सगळं. सांगता सांगता रडू आलं ते वेगळंच. बोलून झाल्यावर मी म्हटलं, "दोन वाढली ना? मला बोल, पण पोरीला कुणी बोलू नका."

ती परात खाली ठेवून हसायला लागली. "ती दोन? ती दर्यानं ठेवली. आमी नवा मडका पयला दर्याला दाखवतों. ज्या दिशी आणली त्याच दिशी जुन्या जाळ्यान बांधून खुंट्याला लावली. अख्खी भरती पाण्यान ऱ्हायली, ओहोटीला काढली. दर्याला जी पायजे ती तो ठेवतो, म्हणून आमी दोन-चार जादाच घेतों. त्याची ती त्याची. त्याचा कोण वाईट मानत नाय."

"पाण्यात आवाज आला होता का?"

"आला ना! तडतड तडतड. म्हातारे बोलले, दर्या खुशीन हाय."

दर्या खुशीत होता की नाही ते त्याचं त्याला माहीत, पण मडक्यांतला चुना त्या भरतीत एकदम भिजून गार झाला होता. जो फोडायचा तो तिथेच फोडून झाला आणि उरलेला पाण्यात विरून गेला. भिजून शांत झालेला चुना पुन्हा फुगत नाही. पुढे आयुष्यभर आम्ही तेच केलं. भट्टी उघडली की मडकी कोमट असतानाच खाडीत बुडवायची, मगच घरात घ्यायची. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायची, आमच्यात पद्धत आहे. आमच्यात कसली, दांडीची.

पण त्या क्षणी एवढं सगळं मला पटलं असलं तरी जीव मानत नव्हता. ते तिच्याही लक्षात आलं असावं. म्हणाली, "मंग ऱ्हा आज. उद्या लगीन लागेपावत बस त्यांच्याजवल. नायतर घरी जाऊन तुझाच मडका फुटेल."

मी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं. लोक नवरानवरीकडे बघत होते आणि मी उतरंडीकडे. वाजंत्री वाजत होती तोवर बरं होतं, काही ऐकूच येत नव्हतं. वाजंत्री थांबली आणि माझ्या मागे आवाज झाला, टप्प. माझ्या तोंडून "अगं आई!" निघालं. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. माझ्या मागे एक म्हातारा अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. त्याने दचकून अर्धी सुपारी मलाच देऊ केली. मी ती घेतली आणि खाल्लीसुद्धा, नको म्हणायचं भान नव्हतं.

मडकी उभी राहिली. एकही बोललं नाही. नवरी निघाली तेव्हा वाकून तिने उतरंडीला हात लावला, आणि मग जाता जाता माझ्याकडे बघून तोंडावर हात धरून हसली. मला इतकं हलकं वाटलं की रडूच फुटलं. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा मी अशी मनापासून रडले नव्हते. तेव्हा भीतीने रडले होते.

नवरीची आई माझ्या टोपलीत सुके मासे आणि लग्नाचे लाडू भरायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, टोपली आज रिकामीच जायला हवी. तिला ते कळलं नाही, पण तिने वाद घातला नाही. लाडू माझ्या पदराच्या टोकाला बांधले आणि सुकट पुढच्या बाजारी घे म्हणाली.

मी पाय उचलत निघाले. एक दिवसात येते म्हणून गेलेली, आता दुसरा दिवस कलायला आला होता. हे वाट बघून बघून काय समजले असतील ते मला चालता चालता सुचायला लागलं आणि मी जवळजवळ पळत सुटले. मामांच्या आंब्यापाशी वळले आणि आधी आवाज कानांवर आला.

"आये, उतर म्हणतो ना."

"सून येऊ दे."

"ती काल येणार होती. नाय आली, म्हणजे तिथं काय झालं असंल ते समज."

"काल नाय आली तर आज येल. किती दिवसांनी माझ्या नजरेखालनं सुटलीय ती. जरा फिरू दे."

परसात हे हातात पहार घेऊन उभे होते. आणि भट्टीच्या वर, भिंतीच्या काठांवर आडवी फळी टाकून सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर सूप घेऊन चिंचेतले चिंचोके काढत होत्या. त्या वयात, त्या गुडघ्यांनी त्या छातीएवढ्या भिंतीवर कशा चढल्या ते मला आजही कळलेलं नाही. मामी म्हणाल्या, यांनी सकाळी पहार हातात घेतली तेव्हापासून त्या तिथे होत्या आणि जेवणही त्यांनी वरच मागवून घेतलं. ज्या भट्टीला त्या हौद म्हणाल्या, विहीर म्हणाल्या, त्याच भट्टीवर.

यांनी मला पाहिलं. नजर माझ्या डोक्यावरच्या टोपलीकडे गेली. खालून तिच्यात काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं. सांगू नको, टोपलीत दिसेल, असं त्यांनीच म्हटलं होतं. मी तिथेच थांबले. टोपली खाली घेतली, उलटी केली आणि दोन्ही हातांनी झटकली. पेंढ्याच्या दोन काड्या पडल्या. बाकी काही नाही.

यांनी पहार टाकली आणि भट्टीच्या तोंडाशीच खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिले. रिकामी टोपली घेऊन आलेल्या सुनेकडे एवढ्या सुखाने बघणारी सासू मी तरी दुसरी पाहिली नाही. अर्थात, ते कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या.

"बघत काय उभी ऱ्हायलीस?" त्या वरून ओरडल्या. "मला उतरव. चढताना अंगात राग होता, उतरायला काय बी नाय."

आम्ही दोघांनी मिळून त्यांना खाली घेतलं. लुगड्याला मागून सगळी काजळी लागली होती.